कळांचे इंजेक्शन : बाळाच्या आधी की बाळाच्या नंतर?

वासरू कासेला सोडले, त्याने दोन ढुशा मारल्या, की गाय पान्हा सोडते. मग धार काढायची. हे आपल्या वस्तीतल्या लहान पोरांनाही ठाऊक असते. पण गाईला पान्हा फोडणारा पदार्थ आणि बाईला बाळंतपणाच्या कळा आणणारा पदार्थ एकच आहे, हे फार थोड्या जणींना माहीत असते. त्याचे नाव ऑक्सिटोसिन. ते आपले शरीर स्वतः तयार करते. तेच इंजेक्शनच्या रूपातही मिळते, आणि गावात त्यालाच ‘कळांचे इंजेक्शन’ म्हणतात.

भगिनींनो, या इंजेक्शनबद्दल आपल्याकडे दोन टोकाची मते ऐकू येतात. एक बाई म्हणते, “सुई मारली की पटकन मोकळी होते, कशाला दोन दिवस कण्हत बसायचं?” दुसरी म्हणते, “ते लई वाईट औषध, अजिबात घेऊ नका.” दोघींचेही अर्धेच खरे आहे. हे इंजेक्शन बाळ बाहेर येण्याआधी घरात कोणी दंडावर किंवा कमरेत टोचले, तर बाळ आणि आई दोघांचाही जीव जाऊ शकतो. तेच इंजेक्शन बाळ बाहेर आल्यावर लगेच दिले, तर आईचा जीव वाचतो. आधी आणि नंतर यातला हा फरक घरातल्या प्रत्येकाला कळायला हवा. बाईला तर हवाच, पण तिची सासू, नवरा आणि आई यांनाही. कारण ऐन वेळी निर्णय बहुतेक तेच घेतात.

ते शरीरात कुठून येते?

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पिट्युटरी म्हणतात. ऑक्सिटोसिन तयार होते तिच्या वरच्या भागात, मेंदूतच, आणि साठवले जाते या ग्रंथीच्या मागच्या बाजूला. तिथून ते रक्तात सुटते आणि गर्भपिशवीपर्यंत पोहोचते.

हा शोध फार जुना नाही. १९०६ साली इंग्लंडमधले हेन्री डेल यांनी पाहिले की, या ग्रंथीचा अर्क गाभण मांजरीला दिला तर तिची गर्भपिशवी आवळते. १९०९ पासून डॉक्टर तो अर्क बाळंतपणात वापरू लागले. तेव्हा किती द्यायचा याचे नीट माप नव्हते. काही बायकांची गर्भपिशवी फाटली, काही बाळे दगावली. पुढे अमेरिकेतले व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ऑक्सिटोसिनची नेमकी रचना शोधली आणि १९५३ साली ते प्रयोगशाळेत तयार करून दाखवले. त्यासाठी त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे आज बाटलीत मिळणारे औषध हे आपल्या शरीरातल्या पदार्थाचीच हुबेहूब नक्कल आहे. नक्कल हुबेहूब असली तरी ती देण्याची पद्धत शरीरासारखी नसते. सगळा धोका तिथेच आहे.

गर्भपिशवी नऊ महिने गप्प का बसते?

गर्भपिशवी म्हणजे स्नायूंची थैली. एरवी ती मुठीएवढी असते, वजन साधारण ६० ग्रॅम. नऊ महिने भरता भरता तिचे स्वतःचेच वजन किलोभर होते. एवढा मोठा हा स्नायू. तरी तो नऊ महिने बाळाला धरून शांत बसतो. मग एके दिवशी कामाला कसा लागतो?

याचे उत्तर असे. ऑक्सिटोसिन ही किल्ली समजा. ती किल्ली लागायला कुलूप हवे. गर्भपिशवीच्या स्नायूवर अशी सूक्ष्म कुलपे असतात. पहिल्या महिन्यांत ती थोडी असतात, म्हणून रक्तात थोडे ऑक्सिटोसिन फिरले तरी पिशवी हलत नाही. दिवस भरत येतात तशी या कुलपांची संख्या कित्येक पटींनी वाढते. स्नायूंचे धागेही एकमेकांशी असे जोडले जातात की एकाने आवळले की सगळे मिळून आवळतात. आता तेवढ्याच किल्ल्यांनी खूप दारे उघडतात. दिवस भरलेल्या बाईची गर्भपिशवी या औषधाला फार लवकर आणि जोरात प्रतिसाद देते ती यामुळेच. आणि दिवस भरलेले नसताना, पिशवीचे तोंड कडक असताना कोणी तेच औषध मारले, तर नुसता त्रास होतो, बाळंतपण पुढे सरकत नाही.

कळ सुरू झाली की एक चक्र चालू होते. पिशवी वरून आवळते, बाळाचे डोके खाली दाबले जाते, पिशवीचे तोंड ताणले जाते. तोंड ताणले गेल्याचा निरोप मज्जातंतूंमधून मेंदूला जातो. मेंदू आणखी ऑक्सिटोसिन सोडतो. त्याने पुढची कळ जरा जोरात येते, डोके आणखी खाली येते, पुन्हा निरोप जातो. वासराच्या ढुशीने पान्हा फुटतो तसेच हे आहे, फक्त इथे ढुशी बाळाच्या डोक्याची. बाळ बाहेर येईपर्यंत हे चक्र वाढत जाते. म्हणून पहिल्या कळा लांब लांब आणि सौम्य असतात, शेवटच्या जवळ जवळ आणि जोरदार.

दोन कळांच्या मधली विश्रांती

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपला मेंदू ऑक्सिटोसिनचा नळ उघडून ठेवत नाही. तो थोडे सोडतो, थांबतो, पुन्हा थोडे सोडतो. रक्तात आलेले ऑक्सिटोसिन काही मिनिटांतच विरते. त्यामुळे कळ येते, सुटते, पोट पुन्हा मऊ पडते.

ही सुटका आईच्या आरामापुरती नाही. बाळाचा श्वास तिच्यावर चालतो. पोटातले बाळ नाकाने श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू मिळतो वारेतून, आणि वारेकडे रक्त येते गर्भपिशवीच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्यांमधून. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीकडे दर मिनिटाला अर्धा लीटर किंवा त्याहून जास्त रक्त जाते. कळ आली की भिंत आवळते, त्या वाहिन्या दाबल्या जातात आणि तेवढा वेळ बाळाकडे जाणारे रक्त कमी होते किंवा थांबते. बाळ जणू पाण्याखाली बुडी मारते. कळ सुटली की डोके वर काढून श्वास घेते. धडधाकट बाळ अशा शेकडो बुड्या सहज सहन करते. फक्त दोन बुड्यांच्या मध्ये श्वास घ्यायला वेळ मिळायला हवा.

बाळंतपण जोरात असताना १० मिनिटांत ३ ते ५ कळा येतात. एक कळ साधारण ४० सेकंद ते मिनिटभर टिकते. १० मिनिटांत ५ पेक्षा जास्त कळा येऊ लागल्या, तर बाळाला मधला वेळ अपुरा पडू शकतो. हे मोजायला यंत्र लागत नाही. तळहात पोटावर वरच्या बाजूला हलका ठेवा. पोट दगडासारखे कडक झाले की कळ आली, मऊ झाले की सुटली. मोबाइलमधल्या घड्याळावर वेळ बघा. सोबत गेलेल्या बाईला हे सहज जमते.

सुई मारली की काय होते?

दवाखान्यातही कधी कधी कळा आणण्यासाठी किंवा वाढवण्यासाठी ऑक्सिटोसिन वापरतात. दिवस उलटून गेले, पाणी जाऊन बराच वेळ झाला, रक्तदाब वाढला, किंवा कळा खरोखर मंद पडल्या, अशी त्याची कारणे असतात. पण तिथे ते सलाईनमधून, थेंब मोजून देतात. आधी बाळ कसे आहे, आडवे तर नाही ना, आईचा कटिबंध पुरेसा आहे का, आधीचे सिझर आहे का, हे तपासतात. थोड्या थेंबांनी सुरू करतात, हळूहळू वाढवतात. नर्स कळा मोजते, बाळाचे ठोके ऐकते. कळा फार झाल्या तर चिमटा फिरवून सलाईन बंद करते. औषध लवकर विरत असल्यामुळे कळा कमी होऊ लागतात. गरज पडली तर सिझरची सोय जवळ असते.

आता घरातले चित्र पाहा. कोणी तरी दंडात किंवा कमरेत पूर्ण इंजेक्शन टोचते. ते स्नायूत साठते आणि तिथून रक्तात झिरपत राहते. तीन ते पाच मिनिटांत परिणाम सुरू होतो आणि तो तासाहून अधिक टिकू शकतो. सलाईनला चिमटा असतो, टोचलेल्या सुईला नसतो. एकदा गेलेले औषध परत काढता येत नाही. कळेवर कळ येऊ लागते, पोट मऊ पडत नाही. घरातले म्हणतात, “बघा, कसा गुण आला!” त्याच वेळी आत बाळ गुदमरत असते.

यातून तीन गोष्टी घडू शकतात. पहिली, बाळ पोटातच दगावते. दुसरी, बाळ जिवंत जन्मते पण रडत नाही, निळे पडते. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने ते आयुष्यभरासाठी अपंग होऊ शकते. तिसरी, वाट अडलेली असताना पिशवी जोर लावत राहते आणि फाटते. बाळ आडवे असेल, डोके मोठे असेल, आधीचे सिझर असेल किंवा बाईची बरीच बाळंतपणे झालेली असतील, तर हा धोका आणखी वाढतो. पिशवी फाटताना अचानक असह्य वेदना होते, चाललेल्या कळा एकाएकी थांबतात, बाई घामाघूम होते, चक्कर येते. त्या बाईला तासाभरात ऑपरेशन आणि रक्त मिळाले नाही तर ती वाचणे कठीण. आपल्या सोनईपासून नगरचे जिल्हा रुग्णालय ४० किलोमीटरच्या आसपास आहे. गाडी मिळेपर्यंतचा वेळ त्यात धरा.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की, बाळ बाहेर येण्याआधी कळा वाढवण्यासाठी ऑक्सिटोसिन स्नायूत टोचू नये. देणारा कितीही अनुभवी असो, गावात कितीही मान असो, हा नियम बदलत नाही.

आणखी एक धोका खास आपल्या भागातला. घोडेगावचा जनावरांचा बाजार जवळ, दूधधंदा घरोघरी. दुभत्या जनावराला पान्हा सोडायला सुई मारण्याची वाईट पद्धत काही ठिकाणी चालते. लेबल नसलेल्या बाटल्या विकल्या जातात. जनावराच्या तब्येतीला अपाय करून दूध वाढवण्यासाठी असे टोचणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. गोठ्यातली असली बाटली बाईच्या अंगात जाऊ देऊ नका. तिच्यात औषध किती आहे, शुद्ध आहे का, हे कोणालाच सांगता येत नाही.

मग घाई कशाची?

सुईचा आग्रह बहुतेक वेळा वाईट हेतूने होत नाही. बाईचे हाल बघवत नाहीत. ऊसतोडीच्या हंगामात कोपीवर दिवस भरलेली बाई असते. खाडा पडला की पैसे कापले जातात, उचल फिटायची असते. दवाखान्यात गेले तर तिष्ठत बसावे लागेल, कोणी बोलेल, खर्च होईल, ही भीती असते. या अडचणी खऱ्या आहेत. पण सुईने त्या सुटत नाहीत.

पहिल्या बाळंतपणात सौम्य कळांपासून बाळ येईपर्यंत १२ तास किंवा त्याहून अधिक लागणे नैसर्गिक आहे. पिशवीचे तोंड ५ सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ तर फारच मंद असतो, आणि तो प्रत्येकीचा वेगळा असतो. त्या काळात कळा थांबून थांबून आल्या म्हणजे काही बिघडले असे नाही. या वेळी बाईला चालू द्या, बसू द्या, कुशीवर पडू द्या. सपाट उताणे झोपवून ठेवू नका. थोडे थोडे पाणी, सरबत, पेज द्या. दर दोन तासांनी लघवीला पाठवा. भरलेले मूत्राशय बाळाची वाट अडवते. कमर चोळून द्या.

आणि तिला घाबरवू नका. भीती वाटली की शरीरात दुसरे संप्रेरक सुटते, अ‍ॅड्रेनलिन. संकटात पळायला बळ देणारे. त्याने कळा मंदावू शकतात. ज्या बाईवर ओरडले जाते, जिला एकटे टाकले जाते, जिच्या जातीवरून, कपड्यावरून, मुलांच्या संख्येवरून टोमणे मारले जातात, तिचे शरीर आवळून बसते. मग “हिच्या कळा कमी आहेत” म्हणून आणखी औषध चढते. बाळंतपणाच्या खोलीतली चांगली वागणूक ही मेहेरबानी नाही, ती उपचाराचाच भाग आहे. विश्वासातली एक बाई सतत सोबत असेल तर बाळंतपण लवकर होते आणि सिझर कमी लागतात, हे जगभरच्या अनेक अभ्यासांत दिसले आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी एक सोबतीण आत थांबू शकते, अशी केंद्र सरकारची २०१६ पासूनची सूचना आहे. बाळंतपण झालेली, नियम पाळणारी बाई सोबत न्या आणि नम्रपणे पण ठामपणे सांगा, “सिस्टर, ही तिच्यासोबत आत थांबणार आहे.”

बाळ आले, आता हेच इंजेक्शन मागून घ्या

बाळ बाहेर आले की घरच्यांचे सगळे लक्ष बाळाकडे जाते. मुलगा की मुलगी, किती किलो, कोणावर गेले. आईच्या जिवाला सर्वांत जास्त धोका मात्र याच तासात असतो. जगभरात बाळंतपणात होणाऱ्या आईच्या मृत्यूंमागे अतिरक्तस्राव हे सर्वांत मोठे कारण आहे.

असे का होते? वार पिशवीच्या भिंतीपासून सुटली की तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. दर मिनिटाला अर्धा लीटर रक्त आणणाऱ्या या वाहिन्या. त्या बंद कोण करते? तोच स्नायू. त्याचे धागे या वाहिन्यांभोवती आडवेतिडवे विणलेले असतात. पिशवी घट्ट आवळली की प्रत्येक वाहिनीला गाठ मारल्यासारखी बसते आणि रक्त थांबते. पिशवी थकली, सैल पडली, तर गाठ बसत नाही आणि रक्त वाहत राहते. अर्ध्या लीटरच्या वर रक्त गेले की त्याला अतिरक्तस्राव म्हणतात.

म्हणून बाळ जन्मल्यावर मिनिटभरात, पोटात दुसरे बाळ नाही ना हे पाहून, आईला ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन स्नायूत देतात. आता पिशवी सतत आवळलेली राहिली तरी हरकत नाही, उलट तेच हवे असते, कारण आत गुदमरायला बाळ नाही. तीच सुई, तोच दंड; बाळ बाहेर आल्यामुळे अर्थ पूर्ण बदलला.

आपल्या बायकांना याची गरज जास्त आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळजवळ निम्म्या गरोदर महिलांच्या अंगात रक्त कमी आढळले. जिच्या अंगात आधीच रक्त कमी, तिला थोडाही रक्तस्राव झेपत नाही. गरोदरपणात लोहाच्या गोळ्या खाणे आणि बाळंतपणानंतर हे इंजेक्शन मिळणे, या दोन्ही गोष्टी म्हणून जोडीने हव्यात.

या इंजेक्शनची एक अडचण आहे. ते उष्णतेने खराब होते. २ ते ८ अंश तापमानात, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवावे लागते. पिशवीत घालून उन्हातान्हात फिरवलेली बाटली वरून तशीच दिसते, पण तिचा जोर गेलेला असू शकतो. ते गोळी म्हणून गिळताही येत नाही, कारण पोटात पचून जाते.

मग जिथे फ्रिज नाही, तिथल्या बाईने काय करायचे? याचे उत्तर शोधण्याचे मोठे काम आपल्या सीमेवरच्या बेळगाव जिल्ह्यात झाले. २००२ ते २००५ या काळात तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी परदेशी संशोधकांसोबत गावोगावच्या १,६२० बाळंतिणींवर अभ्यास केला. बाळंतपणे गावातच, घरी किंवा उपकेंद्रात, सहायक परिचारिकांच्या हातून झाली. बाळ जन्मल्यावर निम्म्या बायकांना मिसोप्रोस्टॉल नावाच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. या गोळ्यांना फ्रिज लागत नाही. औषध नसलेल्या गटात १०० पैकी १२ जणींना अतिरक्तस्राव झाला, औषधाच्या गटात ६ ते ७ जणींना. म्हणजे जवळजवळ निम्म्याने कमी. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. मोठ्या शहरातल्या रुग्णालयाबाहेर, साध्या नर्सताईंच्या हातून आईचा जीव वाचू शकतो, हे त्याने दाखवले.

ऑक्सिटोसिन उपलब्ध असेल तर पहिली पसंती त्यालाच. ते नसेल तेव्हा या गोळ्या. आणि त्यांनाही तोच नियम : बाळ बाहेर आल्यानंतरच. बाळ पोटात असताना कोणाच्याही सांगण्यावरून या गोळ्या घेऊ नका; त्यांनीही पिशवी फाटू शकते.

बंदीने प्रश्न सुटला का?

दूधधंद्यातला गैरवापर थांबवायचा म्हणून केंद्र सरकारने २७ एप्रिल २०१८ रोजी एक आदेश काढला. देशातल्या वापरासाठी ऑक्सिटोसिन बनवण्यास खाजगी कंपन्यांना मनाई केली आणि हे काम बंगळुरूच्या एकाच सरकारी कंपनीकडे दिले. ऑल इंडिया ड्रग अ‍ॅक्शन नेटवर्क ही संस्था आणि काही कंपन्या याविरुद्ध न्यायालयात गेल्या. त्यांचे म्हणणे होते की, एकाच कारखान्यात अडचण आली आणि औषध कमी पडले, तर बाळंतिणी मरतील. दिल्ली उच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१८ रोजी तो आदेश रद्द केला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

यातून आपण एवढे घ्यावे : हे औषध नाहीसे करून चालणार नाही, आणि हातोहात विकूनही चालणार नाही. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने मनाई आहे. गावात ते कोण टोचते, कुठून आणते, यावर आपलेही लक्ष हवे.

पान्हा फुटू द्या

बाळ झाल्यावर आईच्या अंगातले ऑक्सिटोसिन वाढवायचा एक उपाय फुकटचा आहे. बाळाला पुसून लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवा आणि पहिल्या तासातच अंगावर पाजा. बाळ ओढू लागले की मेंदू ऑक्सिटोसिन सोडतो. त्याने दूध उतरते आणि पिशवीही आवळते. पाजताना ओटीपोटात कळा येतात, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात. पुष्कळ सासवा म्हणतात, “कळा येतात तर नको पाजू.” भगिनींनो, ती कळ चांगली आहे, पिशवी जागेवर येत असल्याची खूण आहे. पहिले पिवळसर चिकाचे दूध फेकू नका. मध, गूळपाणी, घुटी काही देऊ नका. बाळाच्या हातात हे काम आहे, ते त्याला करू द्या. मात्र पाजणे हे इंजेक्शनच्या जागी नाही, दोन्ही हवे.

घरातल्यांनी एवढे लक्षात ठेवा

१. आठव्या महिन्यातच ठरवा : कोणत्या दवाखान्यात जायचे, कोण सोबत जाणार, कोणाचा रक्तगट जुळतो. आशाताईंना सांगून ठेवा. कामासाठी बाहेरगावी जायचे असेल तर माता-बाल आरोग्याचे कार्ड सोबत ठेवा आणि तिथल्या आशाताईंना भेटा.

२. बाळ येण्याआधी घरात, कोपीवर किंवा गाडीत कळांचे इंजेक्शन घेऊ नका, देऊ देऊ नका. कोणी दिलेच असेल तर रिकामी बाटली सोबत घेऊन ताबडतोब दवाखान्यात जा आणि न लपवता सांगा. डॉक्टरांना हे कळले नाही तर ते पुन्हा औषध देतील.

३. दवाखान्यात कळांचे सलाईन लावले तर विचारा : “हे कशासाठी आहे? बाळाचे ठोके कधी ऐकणार?” आधीचे सिझर असेल तर आधीच सांगा.

४. कळा १० मिनिटांत ५ पेक्षा जास्त, पोट मऊच पडत नाही, एक कळ दीड-दोन मिनिटे सुटत नाही, कळा अचानक थांबल्या, अंगावरून लाल रक्त जाऊ लागले, पाणी हिरवट गेले, बाळ हलेनासे झाले : यातले काहीही झाले तर लगेच नर्सला हाक मारा. घरी असाल तर १०८ ला फोन करा.

५. बाळ जन्मल्यावर विचारा : “सिस्टर, रक्त थांबायचे इंजेक्शन दिले का?” हा प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नाही.

६. पहिले दोन तास आईला एकटी सोडू नका. ५ मिनिटांच्या आत एक पॅड किंवा कापडाची घडी पूर्ण भिजली, चक्कर आली, अंग थंड पडले, तर “बाळंतपणात रक्त जायचंच” म्हणून थांबू नका. घरी असाल तर त्या क्षणी गाडी बोलवा. ती येईपर्यंत आईला लघवी करायला लावा, बाळाला पाजायला घ्या, अंगावर पांघरूण घाला.

७. पैशाची भीती बाळगू नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात १ जून २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. गाडीसाठी १०२ हा क्रमांक आहे. औषध बाहेरून आणायला सांगितले तर चिठ्ठी जपून ठेवा आणि आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा.

ही सात कलमे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून विहाराच्या फलकावर लावा आणि रविवारच्या बैठकीत एकदा मोठ्याने वाचा. ज्या घरात आठवा-नववा महिना चालू आहे, त्या घरी कोणी तरी जाऊन सांगा. पुरुषांनाही सांगा, कारण रात्री गाडी शोधायला आणि सुईवाल्याला बोलवायला तेच बाहेर पडतात.